कझिस ग्रिगासचा पाय

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, कझिस ग्रिगास, भित्रा नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण टॅमरॅकमध्ये अजून चारदोन म्हातारे आहेत, ते तुम्हाला वेगळं सांगतील. त्यांनी त्याला फक्त ब्रॅनरच्या मैदानावर पाहिलं होतं. खाणीत छत खचलं तेव्हा सगळे बाहेर पळत होते आणि हा आत गेला, हे त्यांना आठवत नाही. दोन माणसांना ओढत बाहेर आणलं त्याने. घरी येऊन हात धुतले, कोबी आणि बटाटे खाल्ले आणि आईला म्हणाला, "आज मीठ जरा कमी पडलंय." एवढंच.

असा माणूस फुटबॉलच्या एका सामन्याला एवढा घाबरला, की त्याच्या हातात चमचा ठरेना. का घाबरला, ते सांगते.

कझिस मूळचा ब्रॅनरचा. ब्रॅनर आणि आमचं टॅमरॅक यांच्यामध्ये एकच डोंगर, त्यावरून ट्रॅम जायची. दोन्ही गावांत कोळसा एकाच थराचा, दारू एकाच भट्टीची, आणि दोन्ही गावांना पगारी खेळाडूंचे फुटबॉल संघ. आठवडाभर कोळसा फोडायचा आणि रविवारी एकमेकांना. ब्रॅनरच्या संघाच्या पुढच्या रांगेत कझिसच्या खांद्याला खांदा लावून एव्हन प्रॉसर नावाचा वेल्श माणूस उभा राहायचा. लाल केसांचा, बडबड्या, चर्चमध्ये सगळ्यांच्या वर आवाज लावणारा. प्रॉसरची छाती कोळशाच्या धुळीने भरत चालली होती. टॅमरॅकच्या खाणीने त्याला वरचं काम देऊ केलं, खाली उतरायचं नाही, फक्त रविवारी टॅमरॅककडून खेळायचं. तो आला. ब्रॅनरवाल्यांनी त्याच्या रिकाम्या घराच्या दारावर डांबर ओतलं.

पुढच्या मोसमात टॅमरॅकचा संघ ब्रॅनरला खेळायला गेला. हा फुटबॉल चेंडू हातात धरून पळायचा, त्यात चेंडूवर एक जण पडतो आणि त्याच्यावर दहा. खाली काय चाललंय ते कुणाला दिसत नाही, पंचालाही नाही. त्या दिवशी असाच एक ढीग झाला. एकेक जण उठला, आणि सगळ्यात खाली प्रॉसर होता. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळला होता.

कझिस तेव्हा ब्रॅनरकडून खेळत होता. त्या ढिगात तोही होता.

त्याच वर्षी आमचे वडील खाणीत दगावले. घर खाणीच्या मालकीचं होतं. घरातला एक तरी पुरुष खाणीत उतरत असला तरच घर ठेवता यायचं. आमच्याकडे आई, मी आणि ओना, तिघी बायका. कझिस आणि ओनाचं लग्न ठरलेलंच होतं, ते घाईने उरकलं, आणि कझिस डोंगर ओलांडून आमच्या घरात राहायला आणि टॅमरॅकच्या खाणीत कामाला आला. फुटबॉल त्याने सोडला होता. प्रॉसरला उचलून नेलं त्या दिवसापासून त्याने चेंडूला हात लावला नव्हता.

पण खाणीचा मुकादम स्टाउफर हाच टॅमरॅकच्या संघाचा कारभारी होता. तो एका संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. टोपी काढली नाही.

"ग्रिगास, तू ब्रॅनरला खेळायचास म्हणे."

"खेळायचो. सोडलं आता."

"सोडलं म्हणजे? हातपाय तिकडेच ठेवून आलास का?"

कझिस हसला नाही. "लग्न झालंय, साहेब. मूल होणार आहे."

"मुलं मलाही आहेत. पाच." स्टाउफरने खोलीभर नजर फिरवली. "घर फार छान ठेवलंय हो बाईंनी. पडदे नवे वाटतं?"

आम्ही लिथुआनियन, आईला इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण पडद्यांचं तिला कळलं. तो गेल्यावर ती कझिसला म्हणाली, "जाऊ दे घर. आपण चर्चच्या तळघरात राहू." कझिस म्हणाला, "पोटुशी बायको घेऊन तळघरात? नाही, आई. खेळतो मी."

अशा रीतीने ब्रॅनरहून टॅमरॅकच्या संघात गेलेली दोनच माणसं झाली. पहिला प्रॉसर, दुसरा आमचा कझिस.

सुरुवातीचे सामने दुसऱ्या गावांशी होते, ते बरे गेले. ब्रॅनरशी सामना नोव्हेंबरात, त्यांच्याच मैदानावर होता. तो जसा जवळ आला तसा कझिस गप्प होत गेला. मी रेशमाच्या गिरणीत कामाला जायचे. तिथे डोंगरापलीकडून येणाऱ्या मुली होत्या. एकीने मला विचारलं, "तुझे भावोजी कोणत्या पायाने जास्त चालतात गं?" आणि सगळ्याजणी हसल्या. मी घरी सांगितलं नाही.

मग सामन्याच्या आठवड्यात, सोमवारी, आईने सकाळी दार उघडलं तर दाराला एक कुबडी टेकवून ठेवली होती. नवीकोरी. काखेत धरायच्या जागी कापड गुंडाळून नीट शिवलेलं. कुणीतरी बायकोकडून शिवून घेतलं असणार, ते मला सगळ्यात भयंकर वाटलं. कुणीतरी बाई दिव्याशी बसून हे टाके घालत होती.

आईने ती कुबडी कुऱ्हाडीने तोडून चुलीत घातली. पण कझिसने पाहिली होती. तो कामाला गेला, आला, जेवायला बसला, आणि त्याच्या हातातला चमचा ताटलीवर वाजायला लागला. थांबेना. ओनाने त्याचा हात धरला तरी टेबलाखाली पाय हलतच होता.

"पोलिसाला सांगूया," ओना म्हणाली.

"काय सांगायचं? दाराशी लाकूड सापडलं म्हणून?"

"मग जाऊ नकोस. ताप आला म्हण."

"आणि घर?"

ओना रडायला लागली तशी आई तिच्यावरच ओरडली, पोटातल्याला त्रास होतो म्हणून. भीतीने आमच्या घरात सगळे एकमेकांवर ओरडत होते.

दुसऱ्या दिवशी कझिस मला म्हणाला, "बिरुटे, माझ्याबरोबर प्रॉसरकडे चल. एकटा गेलो तर दारातून परत येईन." मी आईने दिलेला ब्रेड आणि सॉसेज घेतलं आणि गेले.

प्रॉसर खाणीच्या तोंडाशी दिव्यांच्या खोलीत बसायचा. येणाऱ्याला दिवा द्यायचा, जाणाऱ्याकडून घ्यायचा. रोज सकाळी कझिस त्याच्याच हातून दिवा घ्यायचा, पण एकाही दिवशी त्यांच्यात पायाचा विषय निघाला नव्हता. त्याचा तो पाय एका खोक्यावर ठेवलेला होता, सरळ, न वाकणारा.

"आलास?" प्रॉसर म्हणाला. "मला वाटलंच होतं. बसा. हे सॉसेज सासूबाईंचं का? मग बोल काय हवं ते."

कझिस उभाच राहिला. "कुणी केलं, ते तुला ठाऊक आहे का?"

"हॅनिगनने."

टिम हॅनिगन. ब्रॅनरच्या रांगेतला तिसरा. हे तिघे एका डब्यातून जेवलेले होते.

"तुला कसं कळलं?"

"हाताला तीनच बोटं होती, कझिस. ब्रॅनरमध्ये असा एकच हात आहे." हॅनिगनची दोन बोटं कोळशाच्या गाडीखाली गेली होती. प्रॉसरने सॉसेजचा तुकडा तोडला. "पाय मोडतो तेव्हा आवाज येतो, तो फार नाही. पण ओळखीचा हात होता, ते... असो."

कझिस खोक्यावरच्या त्या पायाकडे बघत म्हणाला, "मी तुझ्या छातीवर होतो त्या वेळी. मला माहीत नव्हतं खाली काय चाललंय. देवाशप्पथ. मला वाटलं नेहमीसारखंच."

"ठाऊक आहे. लसूण खाऊन आला होतास." प्रॉसर हसला, पण लगेच खोकला आला त्याला. खोकून झाल्यावर म्हणाला, "हॅनिगनवर राग धरून उपयोग नाही. त्यांच्या मुकादमाने सांगितलं असणार. संघ सोडून गेला त्याचं काय होतं, ते पोरांना दिसायला हवं होतं. तुझ्याही बाबतीत तेच होणार. तू जाऊ नकोस."

"जावंच लागेल."

"मग चेंडूवर पडू नकोस. कशावरही पडू नकोस. लांब राहा."

परत येताना कझिस भराभर चालत होता, मला धावावं लागलं. मध्येच तो रस्त्याच्या कडेला गेला आणि ओकला. तोंड पुसून म्हणाला, "ओनाला सांगू नकोस."

रविवारी ओना घरी राहिली. आई आणि मी संघाच्या ट्रॅममधून गेलो. एरवी त्या ट्रॅममध्ये गाणी चालायची. त्या दिवशी कुणी गात नव्हतं. कझिसच्या शेजारची जागा रिकामी होती, सगळे कसे कोण जाणे दुसरीकडे बसले होते. शेवटी आई उठली आणि जाऊन त्याच्या शेजारी बसली, मांडीवर जेवणाचा डबा घेऊन.

ब्रॅनरच्या मैदानात गवत नव्हतं, नुसती कोळशाची चुरी. कडेने दोर बांधलेले आणि दोराला टेकून सगळं गाव उभं. कझिस आत गेला तसं एका बाजूने सुरू झालं, "गद्दार! गद्दार!" एक म्हातारी दोराखालून वाकून पुढे आली. ती कझिसची पूर्वीची घरमालकीण, चार वर्षं त्याचे कपडे धुतलेली. ती त्याच्या बुटांवर थुंकली आणि परत दोरामागे गेली. कझिस तिला "नमस्कार, मिसेस डूली" म्हणाला. सवयीनेच तोंडातून गेलं असावं.

हॅनिगन रांगेत त्याच्या समोरच उभा होता. उंच, अरुंद खांद्यांचा, डोळे खाली. मला वाटलं होतं राक्षस असेल.

पहिला अर्धा सामना मी कधीच विसरणार नाही. कझिस कुणी अंगावर यायच्या आधीच खाली पडायचा. चेंडू इकडे आला की तो तिकडे. एकदा तर त्याने पाठच फिरवली. ब्रॅनरचे लोक हसत होते, आणि मग आमचेही लोक ओरडायला लागले. "अरे, घरी जा! शिवण घे!" "सासूला पाठवा आत, ती बरी!"

आई मागे वळून म्हणाली, लिथुआनियनमध्येच, "तुमच्या घरातला एक पाठवा ना. पाठवा की!" ज्यांना भाषा कळली नाही तेही गप्प बसले.

मध्यंतरात स्टाउफर कझिसच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बोलत होता. काय ते मला ऐकू आलं नाही. पण स्टाउफर बोलता बोलता बोटाने हवेत एक चौकोन काढत होता. खिडकीएवढा. पडदे.

दुसरा भाग सुरू झाला आणि थोड्याच वेळात चेंडू कुणाच्या तरी हातून निसटला, टप्पा खाऊन कझिसच्या पायाशी आला. मला दिसलं की त्याला पळायचं होतं. त्याचं अंग मागे गेलं होतं. आणि मग तो चेंडूवर पडला. त्याच्यावर दुसरा, तिसरा, आणि मग तो दिसेनासा झाला. आईने माझा दंड धरला.

तो ढीग किती वेळ होता कोण जाणे. वरची माणसं उठायची घाई करत नव्हती. दोरामागचं गाव एकदम गप्प झालं, वाट बघत असल्यासारखं.

आणि मग किंकाळी आली. माणसाचा तसा आवाज मी त्याआधी एकदाच ऐकला होता, वडिलांना वर आणलं तेव्हा आईचा. ढीग उठला. कझिस गुडघा दोन्ही हातांनी धरून लोळत होता, ओरडत होता. हॅनिगन उभा राहिला, कुणाकडे न बघता हात विजारीला पुसत बाजूला झाला. त्यांच्या मुकादमाने मान डोलावली. दोरामागे कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी नाही.

फळीवर घालून त्याला ट्रॅममध्ये आणलं. आई धावत गेली, "माझं लेकरू, माझं लेकरू" करत. तिने त्याची विजार वर केली आणि गुडघा चाचपला. वरून, खालून, मग बाजूने. गावात हाडं बसवायला तिलाच बोलवायचे. तिचा हात थांबला. तिने कझिसच्या तोंडाकडे पाहिलं. क्षणभरच. मग ती आधीपेक्षा दुप्पट मोठ्याने रडायला लागली आणि स्वतःची शाल काढून गुडघ्याभोवती गच्च गुंडाळली. संघाबरोबर आलेला डॉक्टर पुढे झाला तर त्याच्या हातावर चापट मारून म्हणाली, "नको! नको! मी!"

मला काहीच कळेना. डोंगर ओलांडेपर्यंत कझिस कण्हत होता. त्याचे दात वाजत होते.

घरी त्याला स्वयंपाकघरातल्या बाकावर ठेवून माणसं गेली. आईने कडी घातली, पडदे ओढले, आणि ओनाला म्हणाली, "रडू नकोस. पायाला काही झालेलं नाही."

कझिस उठून बसला.

"घोट्याला हात लागला," तो हळू आवाजात म्हणाला. "तीन बोटांचा. दुसरा हात गुडघ्याच्या मागे. मला हलता येईना, छातीवर माणसं. मी म्हणालो, टिम, ओना पोटुशी आहे. आणखी काय काय म्हणालो, आठवत नाही. रडलो बहुतेक. तो बोलेचना. पाय वळवायला लागला. मग थांबला. मग माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाला, 'ओरड.' मला कळेना. म्हणाला, 'ओरड ना, गाढवा! माझं वाटोळं करतोस का? ओरड आणि उठू नकोस.'"

"मग?" ओनाने विचारलं.

"मग ओरडलो."

"ऐकलं आम्ही," आई म्हणाली. "चांगलं ओरडलास."

"ते खोटं नव्हतं, आई," कझिस म्हणाला.

वाटलं होतं, भीती तिथे संपेल. पण ती नुसती बदलली. आता पाय मोडायची भीती नव्हती, पाय धड असल्याचं कुणाला कळेल याची होती. ब्रॅनरमध्ये कळलं असतं तर हॅनिगनची गत प्रॉसरसारखी झाली असती. टॅमरॅकमध्ये कळलं असतं तर स्टाउफरने आम्हाला बाहेर काढलं असतं. आईने गुडघ्याला दोन फळ्या बांधल्या. कझिस दिवसभर बाकावर. संघासाठी पाय गेला म्हणून खाणीने हिवाळ्यापुरतं घर राहू दिलं होतं. दारावर थाप पडली की तो पाय ताठ करायचा, आणि आम्ही तिघी उगीच मोठ्याने बोलायला लागायचो.

एकदा स्टाउफर त्या डॉक्टरला घेऊन आलाच. आई दारात आडवी उभी राहिली. मला म्हणाली, "सांग त्याला, बाळंतपण चाललंय. पुरुषांनी आत यायचं नाही." मी सांगितलं. आत ओना बटाटे सोलत होती. तिने ते ऐकलं आणि सुरी खाली ठेवून कण्हायला सुरुवात केली. स्टाउफर टोपी काढून मागे सरकला. तेवढी एकदाच त्याने आमच्या दारात टोपी काढली. पुढच्या आठवड्यात ओना खरंच बाळंत झाली. मुलगी झाली.

हिवाळा सरता सरता कझिस लंगडत कामावर गेला. लंगडत, कारण लंगडावंच लागणार होतं. स्टाउफरने त्याच्या चालीकडे बघून दुसऱ्या कुणाला तरी संघात घेतलं. खाणीत तो उतरत होता म्हणून घर राहिलं. हॅनिगन उन्हाळ्यात मोटारींच्या कारखान्यात कामाला दूर डेट्रॉइटला गेल्याचं कळलं. कझिस त्याला पुन्हा कधी भेटला नाही.

एक गोष्ट मात्र त्याला खात होती. रोज सकाळी दिवा देताना प्रॉसर विचारायचा, "गुडघा कसा आहे? थंडीत दुखतो ना? माझाही दुखतो." आणि कझिस म्हणायचा, "दुखतो." घरी येऊन तो मला म्हणाला, "बिरुटे, हॅनिगनपेक्षा मला आता या माणसाची जास्त भीती वाटते."

हॅनिगन गेल्याची खात्री झाल्यावर एका रविवारी कझिसने प्रॉसरला जेवायला बोलावलं. आईने बटाट्याचा कुगेलिस केला होता. जेवण झाल्यावर कझिस उठला आणि काही न बोलता टेबलाभोवती चालून दाखवलं. सरळ, दोन्ही पायांवर. मग बसला आणि सगळं सांगितलं, ढिगाखाली काय म्हणाला तेही.

प्रॉसर त्याच्या पायाकडे बघत होता. मुलगी पाळण्यात कुरकुरली तशी ओनाने तिला उचललं, पण उभीच राहिली.

"मीसुद्धा म्हटलं होतं," प्रॉसर म्हणाला. "मीही विनवलं होतं त्याला. बायकोचं, मेरीचं नाव घेतलं होतं."

कझिस म्हणाला, "मला माहीत नाही, एव्हन. मला का सोडलं, मला माहीत नाही."

"तुला कुठून माहीत असणार?" प्रॉसरने बशी पुढे ढकलली. "तुझा पाय वाचला याचं मला बरं वाटतंय की वाईट, ते आत्ता ठरत नाहीये. ठरलं की सांगतो."

तो उठला आणि भिंतीला धरून दारापर्यंत गेला. कझिस मदतीला पुढे झाला, पण त्याने हाताने नको म्हटलं. दारात थांबून आईला म्हणाला, "सासूबाई, कुगेलिस फार छान." तोही तिला सासूबाईच म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी त्याने कझिसला दिवा दिला. गुडघ्याचं विचारलं नाही. त्यानंतर कधीच विचारलं नाही, आणि कुणाला काही सांगितलंही नाही. पुढे कितीतरी वर्षं रविवारी, गाव मैदानावर असायचं तेव्हा, तो आमच्याकडे यायचा आणि ते दोघे मागच्या पायरीवर बसून पत्ते खेळायचे. लांबून ओरडा ऐकू आला की कझिसचा हात थांबायचा. प्रॉसर म्हणायचा, "तुझी पाळी." काय ठरलं, ते त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. कझिसनेही विचारायचं धाडस केलं नाही.